बारा मेचं फोल्डर

जेनिस फर्नांडिसच्या नाकावर राग असतो, असं मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण जे म्हणतात त्यांनी मे महिन्यात एक दिवस तिच्या खुर्चीत बसून दाखवावं आणि मग बोलावं. समोर पाण्यातून नुकते वर आलेले पंधरावीस पाहुणे, त्यांच्या केसांतून टेबलावर ठिबकणारं खारं पाणी, आणि प्रत्येकाला समुद्राखालचा आपला व्हिडिओ मोबाईलवर आत्ताच्या आत्ता हवा. माशांना पाव चारतानाचा हवा, अंगठा दाखवतानाचा हवा, नवऱ्याचा वेगळा आणि बायकोचा वेगळा हवा. वीस मेच्या सकाळी, या सगळ्यांच्या देखत, कॉम्प्युटरने चौथ्यांदा तीच पाटी पडद्यावर आणली होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही.

‘सत्यसागर डायव्हिंग’चे मालक सत्यवान कुबल बोटीवरून उतरून आत आले. त्यांनी रांग बघितली, पडद्यावरची पाटी बघितली आणि पाहुण्यांसमोरच आवाज चढवला.

“तुझी ती कॉयराची गाणी काढ पयली,” ते म्हणाले. “कॉम्प्युटर माझो, आणि भरलो तुमच्या इगर्जीतल्या गाण्यांनी.”

नाताळात चर्चमध्ये गायलेल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग जेनिसने त्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं, हे खरं. सात गाणी. चार वर्षांचे हजारो व्हिडिओ एकीकडे आणि ही सात गाणी दुसरीकडे. पण उद्या एकवीस तारीख होती. उद्या तिच्या भावाचा निकाल लागायचा होता आणि तो या माणसाच्या शब्दावर अवलंबून होता. तेव्हा तिने एवढंच विचारलं की, काय काढायचं ते तुम्हीच सांगा.

“जा काय सगळ्यात मोठा आसा ता काढ. माका इचारू नको,” असं म्हणून सत्यवान पुन्हा बाहेर गेले.

भावाचं प्रकरण आठ दिवसांपूर्वीचं. ब्रँडन सव्वीस वर्षांचा, या सेंटरमधला परवाना असलेला एकमेव गाईड. बारा मेच्या सकाळच्या फेरीत इचलकरंजीचे एक गृहस्थ पाण्यातून वर आले ते कान धरून, आणि त्यांच्या बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. कानाचा पडदा फाटला. तक्रार झाली, पण गाईडचं नाव त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं; बंदर खात्याचे साहेब आले, रजिस्टर उघडलं गेलं आणि त्या फेरीसमोर सही होती ब्रँडन फर्नांडिसची. उद्या अकरा वाजता बंदराच्या ऑफिसात जाऊन ब्रँडनने लिहून द्यायचं ठरलं होतं की निष्काळजीपणा माझा. म्हणजे परवाना गेला, आणि ऑक्टोबरपासून अंदमानात मिळालेली नोकरीही गेली. त्या नोकरीचं पत्र त्यांच्या मायने, कोन्सेसांवने, घरातल्या अल्तारावर मेणबत्तीशेजारी ठेवलं होतं. ते अजून तिथेच होतं, कारण काढून ठेवायची कोणाची छाती नव्हती.

जेनिस त्या दिवशी इथे नव्हती. अकरा, बारा आणि तेरा असे तीन दिवस ती मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला गोव्याला गेली होती. परत आली तेव्हा सगळं घडून गेलं होतं. साहेबांनी व्हिडिओ मागितला होता, कारण इथे प्रत्येक पाहुण्याचा व्हिडिओ निघतो हे सगळ्या मालवणाला माहीत आहे. तेव्हा सत्यवानांनी ऑफिसातल्या स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, “साहेब, त्या दिवशी डिस्क फुल होती. व्हिडिओ उतरवताच आले नाहीत, आणि कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं.” साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. जेनिसनेही ते तसंच खरं मानलं, कारण डिस्क नेहमी भरलेलीच असायची.

आणि मग ती ब्रँडनवर तुटून पडली होती. पाण्याखाली जाताना हातभर खाली गेलं की थांबायचं, पाहुण्याला नाक दाबून फुंकायला लावायचं, कान मोकळे झाले म्हणून त्याने खूण केली की मगच पुढे जायचं. गाईडला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ते तुला जमलं नाही, एका माणसाचा कान घालवलास आणि मायच्या बऱ्या झालेल्या डोळ्यांना पहिल्यांदा हे बघायला लावलंस, असं ती त्याला जेवताना बोलली, कपडे वाळत घालताना बोलली, रविवारी चर्चमधून मिस्सेवरून येताना रस्त्यातही बोलली. ब्रँडन मान खाली घालून ऐकत राहिला. एकदाही त्याने तोंड वर केलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला होता.

तर जागा करायची होती. ही खुर्ची मिळण्याआधी जेनिसने भरड नाक्यावर अकरा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला होता. लोकांच्या हातात मोबाईल आले आणि क्लास बंद पडला, पण शिकवलेलं डोक्यातून गेलं नव्हतं. एकेक फोल्डर उघडून किती मोठं आहे ते बघत बसायला वेळ नव्हता. तिने आपल्या मोबाईलवरून नेट घेतलं आणि एक लहानसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. डिस्कवर कशाने किती जागा अडवली आहे ते मोजून चित्र काढून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. मोजणी सुरू झाली. रांगेतल्या नाशिकच्या एका बाईंनी विचारलं, अजून किती वेळ? जेनिसने सांगितलं, पाच मिनिटं. बाई म्हणाल्या, मघाशीही पाचच म्हणाला होता.

मग चित्र आलं. विमानातून खाली भाताचे कुणगे दिसावेत तसे सगळा पडदा भरून लहानमोठे रंगीत चौकोन. मोठी फाईल तर मोठा चौकोन, लहान तर लहान. जेनिसने सगळ्यात आधी आपली सात गाणी शोधली. ती सापडेनात. चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, तेव्हा डाव्या कोपऱ्यात माशीने घाण करावी एवढा हिरवा ठिपका मिळाला. ती तिची गाणी. आणि ज्याने पाव पडदा व्यापला होता तो जांभळा चौकोन कोणाचा? सत्यवानांच्या पुतण्याचा, कौस्तुभचा. ड्रोनमधून काढलेली त्याची स्वतःची मोटरसायकल. घाटातली मोटरसायकल, तळेऱ्याच्या फाट्यावरची मोटरसायकल, वाळूत रुतलेली मोटरसायकल. एकूण दोनशे दहा जीबी.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार वर्षं ती हे टोमणे ऐकत होती. प्रत्येक मे महिन्यात डिस्क भरायची आणि प्रत्येक मे महिन्यात तिच्या गाण्यांचं नाव निघायचं. दर वेळी ती गुपचूप आपलंच काहीतरी काढून टाकायची. क्लासच्या जुन्या नोट्स तिने अशाच पुसल्या होत्या. बाहेर कौस्तुभ आरामात शीळ घालत होता. तिने खिडकीतून बघितलं. तो नाशिकच्या बाईंच्या मुलीच्या कमरेला वजनासाठीचा शिशाचा पट्टा बांधत होता. मुलगी सोळासतरा वर्षांची, उत्साहात होती. पुढची फेरी तिची होती.

जेनिसला ते बघून काहीतरी खटकलं, पण ते काय ते लगेच उमगलं नाही. ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि या वेळी तिने फोल्डर तारखेप्रमाणे लावले. रोजचं एक फोल्डर, ही पद्धत तिनेच घालून दिली होती. दहा मे होतं. अकरा मे होतं. मग एकदम तेरा मे.

ती थांबली. बारा तारखेला डिस्क भरलेली होती म्हणून व्हिडिओ उतरले नाहीत, ठीक. मग तेरा तारखेचे एकतीस व्हिडिओ कुठे उतरले? तेराला ती इथे नव्हती, तिने जागा करून दिली नव्हती. ज्यांना गाणी आणि मोटरसायकल यांतला फरक कळत नाही त्यांनी जागा केली असेल? मग काय काढून केली?

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक करडा चौकोन होता. चांगला थोराड, त्रेचाळीस जीबीचा. त्यावर माउस नेला तेव्हा नाव दिसलं: रिसायकल बिन. म्हणजे कॉम्प्युटरची कचऱ्याची टोपली. तिचं चिन्ह खरं तर पहिल्याच पडद्यावर असतं, पण मोटरसायकलचा फोटो नीट दिसावा म्हणून कौस्तुभने सगळी चिन्हं लपवून ठेवली होती. त्यामुळे ही टोपली कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. जेनिस आपल्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यातच शिकवायची की डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नाही. ते फक्त टोपलीत जातं, आणि टोपली रिकामी करेपर्यंत तिथेच पडून राहतं, तेवढीच जागा अडवून. हे तिच्याकडे आलेल्या साठीच्या बायकांनाही कळलं होतं. सत्यवान कुबल मात्र कधी क्लासला आले नव्हते.

तिने टोपली उघडली. आत एकच फोल्डर होतं, बारा मे. एकोणतीस व्हिडिओ. आणि शेजारच्या रकान्यात, कोणी न विचारता, कॉम्प्युटरने लिहून ठेवलं होतं की हे कधी टाकलं: तेरा मे, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं. तक्रारीची बातमी सेंटरवर पोचली होती ती तेरा तारखेच्या दुपारी.

तिने ते फोल्डर परत आपल्या जागी आणलं. त्याला क्षणही लागला नाही आणि नवी जागाही लागली नाही, कारण जागा त्याने कधी सोडलीच नव्हती. मग पाहुण्यांना दिसू नये म्हणून भिंतीवरच्या टीव्हीची वायर काढली, आवाज बंद केला आणि इचलकरंजीच्या गृहस्थांच्या नावाची फाईल उघडली.

इथे कॅमेरा गाईडच धरतो, काठीला लावून. सुरुवातीला पाहुण्याच्या नावाची पाटी दिसली. मग हिरवं पाणी, बुडबुडे, गृहस्थांचा घाबरलेला चेहरा. जरा खाली गेल्यावर त्यांनी आपल्या कानाकडे बोट दाखवलं. गाईडचा हात पुढे आला आणि त्याने खाली चला अशी खूण केली. त्यांनी पुन्हा कानाकडे बोट दाखवलं, या वेळी दोन्ही हातांनी. त्या हाताने त्यांना धरून खाली खेचलं. पाण्याखाली मास्क आणि काळे सूट घातलेले सगळे गाईड एकसारखे दिसतात, हात कोणाचा ते सांगता येत नाही. पण सत्यवानांचा एक नियम होता, जाहिरातीसाठी केलेला. तो त्यांनी मोठ्या अक्षरांत काउंटरच्या वर रंगवून घेतला होता आणि जो विसरेल त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढायचे. वर आल्यावर प्रत्येक गाईडने कॅमेरा स्वतःकडे वळवायचा, मास्क वर करायचा, हसायचं आणि म्हणायचं, परत येवा मालवणाक.

व्हिडिओ वर आला. मागे ते गृहस्थ कान धरून वाकले होते. कॅमेरा वळला, मास्क वर गेला. कौस्तुभ होता. नियमाप्रमाणे हसत होता, आणि ओठ हलत होते, परत येवा मालवणाक.

जेनिसने व्हिडिओ आधी आपल्या मोबाईलवर घेतला. त्याला आवश्यक तेवढी मिनिटं ती खुर्चीत ताठ बसून राहिली. मग उठली, पाहुण्यांना आलेच म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली. ब्रँडन तिथे गोड्या पाण्याच्या टाकीत सूट धूत होता. निकाल लागेपर्यंत त्याला समुद्रात उतरायला सत्यवानांनी बंदी केली होती.

“तू त्या इचलकरंजीवाल्याच्या वांगडा पाण्यात होतंस काय?” तिने विचारलं. “माझ्याकडे बघ आणि सांग.”

ब्रँडनने बघितलं नाही. सूट पिळत राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो त्या वेळी दुसऱ्या बोटीवर होता. कौस्तुभकडे परवाना नाही, कधीच नव्हता, तो दोन वर्षं ब्रँडनच्या परवान्याच्या नंबरावर पाहुणे नेतो. आणि रजिस्टरमधली सही? ती ब्रँडनचीच. सप्टेंबरात, सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सत्यवानांनी कोरं रजिस्टर त्याच्यासमोर ठेवलं होतं. पंचवीस मेपर्यंतच्या सगळ्या पानांवर त्याने एका बैठकीत सह्या करून टाकल्या होत्या. रोज कोण कटकट करणार, असं दोघांनाही वाटलं होतं. बाजूला चहा होता, भजी होती. हे दर वर्षी असंच चालायचं.

आता जेनिसला मघाशी काय खटकलं ते कळलं. तक्रार आल्यापासून ब्रँडन पाण्यात उतरला नव्हता, आणि रजिस्टरमध्ये रोज उतरत होता. आजच्या पानावरही त्याचीच सही होती. त्या सहीखाली कौस्तुभ नाशिकच्या मुलीला घेऊन निघाला होता.

“इतके दिस मी तुका नको नको ता बोलतंय,” ती म्हणाली, “आणि तू गप ऐकतंस. घरात, रस्त्यात. मायच्या फुड्यात.”

“सही माझी आसा,” ब्रँडन म्हणाला. “आता खंयच्या तोंडान सांगू? आणि पप्पा गेले तेव्हा सत्यवानदादान माका बोटीर घेतल्यान. तू इसारलंस.”

“इसराक नाय. म्हणानच जास्त राग येता.”

ती खरंच विसरली नव्हती. वडील गेले त्या वर्षी सत्यवान स्वतः घरी आले होते, पंधरा वर्षांच्या ब्रँडनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, ह्यो आजपासून माझो. तिने त्या माणसाला मनात देवाच्या खालोखाल बसवलं होतं. आणि त्याच माणसाने तेरा तारखेला संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, तिच्याच खुर्चीत बसून, ब्रँडनला उचलून टोपलीत टाकलं होतं. नीट टाकता आलं नाही, हा भाग वेगळा. ब्रँडन तिच्या मागून म्हणत होता की जाऊ नको, उद्या सही करून मोकळा होतो, दोन वर्षांनी लोक विसरतील. ती थांबली नाही.

आत आली तर सत्यवान काउंटरपाशी उभे होते आणि पाहुण्यांची माफी मागत होते. कौस्तुभ नाशिकच्या मुलीला घेऊन दारात आला होता, निघायची तयारी झाली असं सांगायला. जेनिसला बघताच सत्यवानांनी जरा नरमाईने घेतलं. कौस्तुभ म्हणतो की कॉम्प्युटरमध्ये कचऱ्याचा कसला तरी डबा असतो, तो रिकामा केला की जागा होते. आत काय आहे ते बघत बसू नको, उगाच वेळ जातो, सरळ रिकामा कर.

कौस्तुभला ते नेमकं आजच आठवलं होतं. सात दिवस उशिरा.

“डबो रिकामोच आसा, दादा,” जेनिस म्हणाली. “त्यात होता ता मी परत जाग्यार ठेवलंय.”

सत्यवानांना क्षणभर अर्थ लागला नाही. तोवर तिने टीव्हीची वायर जोडली, आवाज चालू केला आणि बटण दाबलं.

भिंतीवरचा तो टीव्ही मोठा होता, पाहुण्यांनी आपापले व्हिडिओ बघून खूश व्हावं म्हणून लावलेला. पंधरावीस लोकांनी माना वर केल्या. पाटी आली, हिरवं पाणी आलं. पहिल्यांदा कानाकडे बोट गेलं तेव्हा कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा दोन्ही हात कानाकडे गेले आणि त्या हाताने खाली खेचलं, तेव्हा रांगेतला एक म्हातारा पुटपुटला, अहो त्यांना दुखतंय. मग व्हिडिओ वर आला, आणि त्या गृहस्थांच्या ओरडण्याच्याही वर, स्वच्छ मोठ्या आवाजात, कौस्तुभ म्हणाला, परत येवा मालवणाक.

“ता बंद कर,” सत्यवान म्हणाले.

नाशिकच्या बाई एकदा टीव्हीकडे आणि एकदा दाराकडे बघत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. “हाच ना तो मुलगा?” त्यांनी विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत जाऊन आपल्या मुलीच्या कमरेचा पट्टा स्वतःच्या हातांनी सोडला. शिसं फरशीवर पडलं त्याचा मोठा आवाज झाला. कौस्तुभ आपल्या पायांकडे बघत होता. काकान सांगितल्यान म्हणान, असं काहीतरी तो म्हणाला, पण ते त्याने कोणाला सांगितलं हे त्यालाही ठाऊक नसावं.

सत्यवानांनी टीव्हीची वायर ओढून काढली. मग वायर हातात घेऊन जेनिसच्या अगदी जवळ आले आणि खालच्या आवाजात बोलले. व्हिडिओने काय होतं, रजिस्टर बोलतं. उद्या साहेब विचारतील, सही कोणाची? तेव्हा काय सांगशील? तुझ्या भावाने स्वतःच्या हाताने केली आहे. त्याला मी जबरदस्ती केली नव्हती. माझ्याबरोबर तोही जातो, हे लक्षात ठेव, आणि ज्याने तुमच्या घरात चूल पेटती ठेवली त्याची अब्रू तू चार परक्या लोकांसमोर काढलीस हेही.

जेनिसने आवाज खाली आणला नाही. “चूल तुम्ही पेटवलात, दादा,” ती म्हणाली. “म्हणान माझ्या भावाक त्यात घालूचो?”

सत्यवानांनी खिशातून मोबाईल काढला, त्याच्याकडे बघितलं, परत ठेवला आणि किनाऱ्याकडे निघून गेले. कौस्तुभ त्यांच्या मागून गेला. शिशाचा पट्टा दारातच पडून राहिला आणि लोक तो ओलांडून आतबाहेर करू लागले.

पाहुण्यांची रांग होतीच. ती कुठे जाणार, त्यांचे व्हिडिओ अडकले होते. जेनिस खुर्चीत बसली. मालकाचा हुकूम तिला आठवला, सगळ्यात मोठं असेल ते काढ, मला विचारू नको. तिने चित्र पुन्हा उघडलं, जांभळ्या चौकोनावर माउस ठेवला आणि दोनशे दहा जीबीची मोटरसायकल टोपलीत न पाठवता कायमची पुसून टाकली. पाव पडदा पांढरा झाला. मग ती एकेकाचं नाव विचारू लागली.

सहावा की सातवा पाहुणा समोर होता तेव्हा तिला शेजारी कागद फडफडल्याचा आवाज आला. ब्रँडन काउंटरच्या टोकाला उभा होता, ओल्या हातांनी, आणि त्याने रजिस्टर उघडलं होतं. पुढची कोरी पानं. एकवीस मे, बावीस मे, तेवीस, चोवीस, आणि पंचवीस, ज्या दिवशी पावसाळ्यासाठी समुद्र बंद होतो. प्रत्येक पानावर त्याची सप्टेंबरातली सही आधीच बसलेली होती. तो एकेक सही खोडत होता. घाईने नाही, पट्टी धरून रेघ मारावी तशी.

जेनिसला वाटलं त्याच्या हातातून ते पेन ओढून घ्यावं. अजून वेळ होता. उद्या फक्त व्हिडिओ दाखवला, सह्यांचं काही बोललंच नाही, साहेबांनी फार खोलात विचारलं नाही, तर कदाचित परवाना राहील आणि अंदमानही राहील. तिने तसं त्याला सांगितलं. सांगताना तिलाच आपला राग आला, कारण हे बोलणं सत्यवानांसारखंच होतं.

“सह्यांचा पण सांगतलंय उद्या,” ब्रँडन म्हणाला.

“मगे लायसन जातला तुझा.”

“जाऊं दे.” त्याने पंचवीस मेची सही खोडली आणि ती गोव्याहून आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. “पण माझ्या चुकीन जाऊं दे.”

समोरचा पाहुणा मोबाईल पुढे करून उभा होता. जेनिसने त्याला नाव विचारलं, आणि त्याने ते दोनदा सांगितलं तरी तिला ऐकू आलं नाही.